कियांती क्लासिको: आंबट लागते म्हणून बाजूला ठेवू नका

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकची शिराझ आणि ऑस्ट्रेलियाची कॅबरने आवडीने पिणाऱ्याने कियांती क्लासिको या इटलीतल्या तोस्काना प्रांताच्या लाल वाइनची बाटली उघडली, जेवणाआधी दोन घोट घेतले, तर ती पातळ, आंबट आणि तोंड आवळणारी लागली. बाटली खराब होती का? नसेल, तर या वाइनची ओळख करून घ्यायला सुरुवात कुठून करायची?

बाटली खराब असण्याची शक्यता कमी आहे. फिका रंग, चढा आंबटपणा, हिरड्यांवर बसणारा तुरटपणा हे सांजोवेझे द्राक्षाचं अगदी बरोबर वर्णन झालं, आणि कियांती क्लासिकोत हे द्राक्ष किमान ८० टक्के असावंच लागतं. पुष्कळ घरं, म्हणजे उत्पादक, तर १०० टक्के सांजोवेझेच वापरतात. चुकल्या असतील त्या दोन गोष्टी: बाटलीचं तापमान आणि सोबत काहीही न खाता घेतलेले घोट. ही वाइन जेवणाच्या ताटाशेजारी बसायला घडलेली आहे. नुसती पिऊन तिची परीक्षा केली, तर ती नापासच होणार.

आधी आंबटपणा आणि तुरटपणा वेगळे ओळखायला शिका. नवखा माणूस दोन्हींना मिळून ‘कडक’ म्हणतो आणि तिथेच अडकतो. एक छोटा घोट तोंडात पाच-सहा सेकंद धरा, गिळा आणि मान थोडी पुढे झुकवा. जिभेखाली आणि गालांच्या आतून लाळ सुटली तर तो आंबटपणा. सांजोवेझेत ती भरपूर सुटते. त्यानंतर जीभ वरच्या हिरड्यांवरून फिरवा. बिनदुधाचा, जास्त उकळलेला चहा प्यायल्यासारखं तिथे कोरडं, खरखरीत लागलं तर ते टॅनिन, म्हणजे सालींतून आणि बियांतून उतरलेला तुरटपणा. चांगल्या कियांतीत हा खरखरीतपणा बारीक असतो आणि अर्ध्या मिनिटात ओसरतो. तो जाडाभरडा असेल, घशाशी कडू होत राहिला, तर द्राक्षं नीट पिकली नव्हती किंवा सालींतून गरजेपेक्षा जास्त उतरवून घेतलं, असं समजा.

रंगाचाही असाच गैरसमज होतो. सांजोवेझेच्या सालीत रंगद्रव्य मुळात कमी, आणि जे असतं ते फार टिकाऊ नसतं. त्यामुळे वाइन माणकासारखी लाल पण आरपार दिसते, आणि चार-पाच वर्षांतच पेल्याच्या कडेला विटकरी छटा येते. याला म्हातारपण समजू नका. उलट एखादी कियांती शाईसारखी काळी-जांभळी दिसली, तर त्यात मेर्लो किंवा कॅबरने बऱ्यापैकी असावी असा अंदाज करा. नियमाने २० टक्क्यांपर्यंत इतर लाल द्राक्षं चालतात. त्यांत कानायोलो आणि कोलोरिनो ही तिथली जुनी, तर मेर्लो आणि कॅबरने सोव्हिन्यों ही फ्रान्सची. ओळख करून घेताना शक्यतो फ्रेंच द्राक्षं नसलेली बाटली घ्या, नाहीतर ओळख सांजोवेझेऐवजी मेर्लोशी होईल.

आता तापमान. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या दगडी घरांसाठी होता. आपल्याकडे खोली ३० अंशांवर असते, आणि तेवढ्या तापमानाला १४ टक्के अल्कोहोल थेट नाकात जातं, फळाचा वास दबतो, आंबटपणा सुटा पडतो. कियांती क्लासिकोला १६ ते १८ अंश सेल्सिअस पाहिजे, साध्या तरुण बाटलीला १५ सुद्धा चालतं. ‘वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा’ हे सगळीकडे वाचायला मिळतं, पण ३० अंशांवरची बाटली वीस मिनिटांत जेमतेम तीन-चार अंश उतरते. दीड तास ठेवा. घाई असेल तर बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं असलेल्या भांड्यात बाटली मानेपर्यंत बुडवून दहा-बारा मिनिटं ठेवा. नुसत्या बर्फात ठेवू नका. बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटली हळू थंड होते, पाणी मात्र काचेला सगळीकडून भिडतं. बाटली कायम फ्रिजमध्येच असेल तर पिण्याआधी तासभर बाहेर काढा. फार थंड असताना तुरटपणा वाढतो आणि वास येतच नाही. पेल्यात एका वेळी १०० मिलिलिटरपेक्षा जास्त ओतू नका. आपल्या हवेत ती पंधरा मिनिटांत गरम होते, त्यापेक्षा बाटली थंड ठेवून पुन्हा ओतलेलं बरं.

हवा किती द्यायची हे बाटलीच्या वयावर ठरतं. साधी दोन-चार वर्षांची बाटली उघडून एक पेला ओतला की पुरे. बूच काढून बाटली तशीच ठेवण्याने फारसं काही होत नाही, कारण मानेतल्या रुपयाएवढ्या पृष्ठभागातून हवा शिरणार ती किती! तरुण रिझेर्वा (जास्त मुरवलेली, साधीच्या वरची पायरी) असेल तर काचेच्या रुंद सुरईत ओतून पाऊण ते एक तास ठेवा. पंधरा वर्षांच्या बाटलीचं नेमकं उलट. ती आदल्या दिवशी उभी करा म्हणजे गाळ तळाशी बसेल, पिण्याच्या वेळी उघडा, मागे दिवा ठेवून संथपणे ओता आणि गाळ मानेशी आला की थांबा. असली जुनी वाइन तासभर सुरईत ठेवली तर तिचा उरलासुरला सुगंध उडून जातो.

वास घेताना परदेशी वर्णनं पाठ करत बसू नका. आंबट चेरी हे या वाइनचं नेहमीचं वर्णन, पण ताजी आंबट चेरी आपल्याकडे क्वचितच चाखायला मिळते. आलुबुखार, पिकलेलं करवंद, वाळलेली संत्र्याची साल, चहाची पत्ती, कधी कधी जाईजुईपेक्षा वेगळा असा फिका फुलांचा वास, आणि वय झाल्यावर चामडं, तंबाखू, ओली पानं असं शोधा. व्हॅनिला, लवंग, नारळ असे वास पुढे येत असतील तर ते नव्या लहान ओक पिंपांचे, द्राक्षाचे नव्हेत. २२५ लिटरची नवी फ्रेंच पिंपं की हजारो लिटरची जुनी मोठी पिंपं, यावर वाइनचा चेहरा फार बदलतो. सुरुवातीला मोठ्या पिंपांतली निवडा. लहान पिंपांची फॅशन गेल्या काही वर्षांत ओसरलीही आहे, आणि ते बरंच झालं.

खाण्याकडे येऊ, कारण खरी किल्ली इथे आहे. तोस्कानाचं जेवण म्हणजे ऑलिव्ह तेल, टोमॅटो, घेवडा, मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज, बडीशेप घातलेलं खारवलेलं डुकराचं मांस, कोळशावर भाजून वरून मीठ टाकलेली जाड फ्लोरेन्सी बिस्तेक्का (गोमांसाची स्टेक), आणि या सगळ्याबरोबर बिनमिठाचा पाव. मीठ आणि स्निग्धता टॅनिनला बोथट करतात, टोमॅटोचा आंबटपणा वाइनच्या आंबटपणाला झाकून टाकतो. घरच्या घरी तपासून पाहा: एक घोट कोरडाच घ्या, मग खारट चीजचा तुकडा चावून दुसरा घोट घ्या. दुसऱ्या घोटात तीच वाइन गोलसर आणि फळाची लागेल. पहिल्या दिवशी बिघडलं होतं ते हेच.

मराठी स्वयंपाकाबरोबर मात्र डोळसपणे. तिखट ही मोठी अडचण. मिरचीची आग अल्कोहोल वाढवतं आणि टॅनिन तोंड आणखी कोरडं करतं, तेव्हा तांबड्या रश्शाबरोबर ही बाटली उघडणं म्हणजे दोन्हींचं नुकसान. त्याहून कमी लक्षात येणारी अडचण गुळाची. गुळाची आमटी, गोडसर उसळ, साखरेचा हात फिरवलेली भाजी यांच्यापुढे कोरडी वाइन एकदम आंबट आणि कडू होते, आणि दोष वाइनला दिला जातो. बांगडा, तारली असे तेलकट मासे तर नकोच, तोंडात धातूसारखी चव येते. जमतं ते असं: मिरी-लसणावर परतलेलं मटण, टोमॅटोत शिजवलेला कमी तिखट खिमा, भाजलेली चापं, ऑलिव्ह तेल-मीठ लावून भाजलेली वांगी, मशरूम, टोमॅटोच्या सॉसमधला पास्ता. शाकाहारी घरात टोमॅटो आणि खारं चीज यांच्या जोरावर ही वाइन छान निभावते. या बाबतीत ती शिराझपेक्षा उजवीच.

दुकानात गेलात की पहिला घोळ नावाचा. कियांती आणि कियांती क्लासिको या दोन वेगळ्या वाइन आहेत, दोघींचे नियम वेगळे आणि भूभागही वेगळे. फ्लोरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या डोंगराळ पट्ट्याची हद्द ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याने १७१६ मध्ये फर्मान काढून आखली. नाव चाललं, तसे आजूबाजूचे भागही तेच नाव लावू लागले. १९२४ मध्ये राद्दा गावात ३३ उत्पादकांनी एकत्र येऊन संघ काढला आणि काळा कोंबडा ही खूण घेतली. १९३२ मध्ये सरकारनेच कियांतीचा भाग बराच वाढवला आणि मूळ पट्ट्याला ‘क्लासिको’ हे वेगळं नाव दिलं. १९९६ पासून क्लासिकोची नियमावलीही स्वतंत्र आहे. म्हणून बाटलीवर ‘कियांती क्लासिको’ हे दोन्ही शब्द आणि काळा कोंबडा पाहा. ‘कियांती सुपेरिओरे’ हे नाव भारदस्त वाटतं, पण ती क्लासिको पट्ट्यातली नसते. ‘कियांती रुफिना’ हाही वेगळा भाग, फ्लोरेन्सच्या ईशान्येचा, थंड आणि स्वतःच्या बळावर उत्तम. आणि ‘मोंतेपुल्चानो द’आब्रुत्सो’चा सांजोवेझेशी काही संबंध नाही. तिथे मोंतेपुल्चानो हे द्राक्षाचं नाव आहे. तोस्कानातली ‘व्हीनो नोबिले दि मोंतेपुल्चानो’ मात्र त्या नावाच्या गावची आणि मुख्यतः सांजोवेझेचीच. ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो पूर्णपणे सांजोवेझे.

वाळल्या गवताच्या आवरणातल्या गोल बाटलीत येणाऱ्या कियांतीचं नाव एके काळी बरंच खराब झालं, पण कारण बाटली नव्हती. १८७२ च्या एका पत्रात कियांतीतले मळेवाले बारोन बेत्तिनो रिकासोली यांनी सांजोवेझेला कानायोलोची जोड सुचवली होती, आणि माल्व्हाझिया हे पांढरं द्राक्ष फक्त लवकर प्यायच्या वाइनसाठी. १९६७ च्या नियमांनी पांढरी द्राक्षं १० ते ३० टक्के सक्तीची केली. त्यात जास्त पीक देणाऱ्या लागवडी झाल्या, आणि वाइन पाणचट झाली. चांगल्या उत्पादकांनी वैतागून नियमांबाहेर वाइन करायला सुरुवात केली, ‘तिन्यानेल्लो’ त्यांतलीच. आज चित्र वेगळं आहे: पांढरी द्राक्षं २००६ च्या हंगामापासून पूर्ण बंद, हेक्टरी उत्पादनाची मर्यादा साडेसात टन.

लेबलवर तीन पायऱ्या दिसतील. काहीच विशेषण नसेल ती अन्नाता, म्हणजे साधी. ती द्राक्षतोडणीच्या पुढच्या वर्षी १ ऑक्टोबरनंतर बाजारात येते. रिझेर्वा किमान २४ महिने मुरवलेली, त्यातले ३ बाटलीत. ग्रान सेलेत्सिओने ३० महिने, आणि द्राक्षं उत्पादकाच्या स्वतःच्या मळ्यातलीच. ही पायरी २०१४ मध्ये आली. पायरी चढली की चव वाढतेच असं नाही. पुष्कळदा फक्त ओक आणि किंमत वाढते. चांगल्या घराची साधी अन्नाता मध्यम घराच्या रिझेर्वाला सहज मागे टाकते, आणि भारतात आयात शुल्क बघता ओळखीसाठी रिझेर्वावर पैसे घालणं मला शहाणपणाचं वाटत नाही. अन्नाता तोडणीपासून तीन ते सात वर्षांत प्यावी, रिझेर्वा पाच ते बारा. दुकानदाराने ‘जुनी आहे, म्हणजे भारी’ म्हणून नऊ वर्षांची अन्नाता पुढे केली तर नाही म्हणा, विशेषतः ती उन्हाळे कपाटात काढलेली असेल तर.

गावांचा फरक खरोखर चवीत उतरतो. पट्टा एकच असला तरी उंची साधारण २०० मीटरपासून ६०० मीटरच्या वर जाते. मातीही बदलते: गालेस्त्रो हा पापुद्रे सुटणारा मातकट खडक, आल्बेरेझे हा घट्ट चुनखडी दगड, माचिन्यो हा वालुकामय दगड. राद्दा आणि लामोले उंच आणि थंड, तिथली वाइन फिकी, सडपातळ, सुगंधी, आंबटपणा धारदार. दक्षिणेचं कास्तेलनुओव्हो बेरार्देंगा उबदार, वाइन भरदार, तुरटपणा दणकट, फळ जास्त पिकलेलं. पान्झानो मधलं, उन्हात तापणारी दरी पण उंचीही चांगली, म्हणून जाडी आणि ताजेपणा दोन्ही. २०२१ मध्ये असे ११ उपविभाग मान्य झाले आणि त्यांची नावं ग्रान सेलेत्सिओनेच्या लेबलवर येऊ लागली. बाकीच्या बाटल्यांवर मागच्या बाजूला उत्पादकाचा पत्ता वाचा, गाव कळतं.

वर्षाचा विचार हवाच, कारण सांजोवेझे उशिरा पिकते. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर मध्य हा तोडणीचा काळ, आणि तेव्हाच पावसाचं भय. २०१४ पावसाळी आणि थंड, वाइन बारीक अंगाच्या. २०१६ आणि २०१९ संतुलित, डोळे झाकून घ्यावीत अशी. २०१७ आणि २०२२ उष्ण, कोरडी, म्हणजे वाइन जाड आणि अल्कोहोल चढं. शिराझची सवय असलेल्याला हीच आधी आवडतील, त्यात कमीपणा काही नाही. २०२१ मध्ये एप्रिलच्या हिमकडाक्याने पीक घटलं, पण वाइन ताठ आणि टिकाऊ झाली. २०२३ मध्ये डाउनी मिल्ड्यूने, आपल्या द्राक्षबागायतदारांच्या भाषेत केवड्याने, मोठं नुकसान केलं. त्या वर्षाची बाटली उत्पादक बघूनच घ्या.

खरेदीचा क्रम असा ठेवा. आधी एका शुद्ध सांजोवेझे घराची अन्नाता: फेल्सिना बेरार्देंगाचं, फोन्तोदी पान्झानोचं. मग राद्दाची एखादी, उदाहरणार्थ व्होल्पाया. शक्य असेल तर दोन्ही एकाच वर्षाच्या घ्या आणि एकाच संध्याकाळी चार जणांत उघडा. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्यांत माणशी ३७५ मिलिलिटर होते, तेवढी सगळी संपवायची गरज नाही. सारखे पेले, सारखं तापमान, आधी नुसता घोट, मग चीजबरोबर, मग जेवणाबरोबर. उंच गावची आधी, दक्षिणेची नंतर. उलट क्रमाने प्यायलात तर राद्दाची पाण्यासारखी वाटेल.

खराब बाटली ओळखायची तर तीन-चार खुणा पुरतात. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट तळघराचा वास आणि फळ गायब म्हणजे बुचाचा दोष. तो हवेने जात नाही, उलट दहा मिनिटांत वाढतो. बूच बाटलीच्या तोंडाबाहेर आलेलं, आवरणाखाली चिकट ओघळ, चवीला शिजवलेला मुरांबा, ही उष्णतेची लागण. आपल्याकडे सगळ्यात जास्त भेटते ती हीच, कारण वाहतुकीत आणि दुकानाच्या काचेमागे वाइन तापते. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा झणझणीत वास वाढत्या व्हिनेगरीपणाचा. तबेल्याचा किंवा वैद्यकीय चिकटपट्टीचा वास ब्रेट नावाच्या यीस्टचा. किंचित असेल तर काही जुने शौकीन त्याला चव म्हणतात, फळच झाकलं तर तो दोषच. काडी ओढल्यासारखा किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका. सुरईत ओतून जोरात घुसळा, पंधरा-वीस मिनिटांत बहुधा जातो. बुचाच्या खालच्या टोकावर किंवा तळाशी चमकणारे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, निरुपद्रवी.

साठवण १२ ते १५ अंशांवर, अंधारात, आडवी. वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर नेहमीच्या फ्रिजचा भाजीचा कप्पा काही महिन्यांसाठी चांगला. माळा, फ्रिजच्या वरची जागा आणि गॅसजवळचं कपाट या तीन जागा टाळा. एप्रिल-मेचे काही आठवडे तिथे गेले तर चांगली बाटलीही शिजते. उरलेली वाइन लगेच ३७५ मिलिलिटरच्या स्वच्छ बाटलीत गळ्यापर्यंत भरून, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर चार-पाच दिवस टिकते. अर्ध्या रिकाम्या मूळ बाटलीत दोन-तीन. तरुण सांजोवेझे दुसऱ्या दिवशी पुष्कळदा जास्त मोकळी लागते, म्हणून पहिल्या दिवशी आवडली नाही तर ओतून टाकू नका.

एक तुलना मात्र महाराष्ट्रातच करता येते. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली या वाइन कंपनीने सांजोवेझे लावली, आणि तिथली वाइन घडवली ती तोस्कानाच्या पिएरो मासी यांनी. नुसत्या सांजोवेझेची बाटली मिळते, आणि ‘सेत्ते’मध्ये कॅबरने सोव्हिन्योंबरोबरचा मेळ. तिथे वेल हिवाळ्यात झोपत नाही. पावसाळ्यानंतर छाटणी, आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. रात्री थंड असतात, पण दिवस कडक उन्हाचे, त्यामुळे फळ लवकर गोड होतं आणि कियांतीचा तो धारदार आंबटपणा बराच मऊ पडतो. राद्दाच्या अन्नाताशेजारी अकलूजची बाटली ठेवा, दोन्ही १६ अंशांवर, आणि सुरुवातीला सांगितलेली लाळेची परीक्षा दोन्हींवर करा. द्राक्ष एकच असताना हवामान नेमकं काय करतं, हे त्या दोन घोटांत कळतं.